घाटाआधी

रविवारी, ऊन अंगणात उतरायच्या आत
गाडी मेन स्टँडवर चढवली.
शनिवारी धारूरच्या घाटात
मागचा ब्रेक पायाखाली नुसताच गेला,
अंधारात, नसलेल्या पायरीवर
पाऊल पडावं तसा.
कॅरिअरला नायट्रोजनचा कॅन,
त्यात देवणी वळूच्या बारा कांड्या,
समोरून उसाची ट्रॉली डोलत वर येत होती.
पहिला गिअर टाकून थांबले कशीबशी.

सतरा नंबरचा पाना. नट जाम.
पान्यावर उभीच राहिले,
तेव्हा कुरकुरला, आणि आला.
"काय करायलीस गं?" कौसाबाई कुडावरून.
"ब्रेक."
"गड्याला सांग की."
"गडी नांदेडात हाय अन् घाट इथं."

ड्रम उघडला. आत काळी भुकटी.
फुंकर मारायची नाही, हबीबचाचानं बजावलेलं;
तीस वर्षांच्या फुंकरा
त्याच्या छातीत अजून वाजतात.
ओलं फडकं फिरवलं.
शू झिजून उडदाच्या पापडाएवढे,
आणि वर कशी चकाकी!
नवे घातले. स्प्रिंग दोनदा सटकली,
एकदा थेट शेणात.
कॅमला ग्रीस, कुंकू लावावं तेवढंच.
जास्तीचं घाटात कळतं.

चाक बसलं. साखळी ताणली. हात पुसले.
फरशीवर एक वॉशर उरला.

मी त्याच्याकडं बघत बसले,
तो माझ्याकडं.

शेवटी धारूरला फोन.
चाचा आता गॅरेजात जात नाही, हात थरथरतात.
"चाक फिरव. फोन जवळ धर."
सर्र... सर्र... खर्र.
"घासायलंय. नट पाव फेरा सोड."
सोडला. फिरवलं.
पलीकडं त्याचा श्वास,
त्याच्या गल्लीतली कोंबडी, कुणाचं तरी भांडण,
मग:
"हां. आता सोडलं त्यानं."
"अन् हा वॉशर, चाचा?"
"पातळ हाय?"
"हो."
"मग माझाच. गेल्या साली एक जास्तीचा पडला हातून.
कुणाला बोललो नव्हतो."

सोमवारी, घाटाच्या पहिल्याच वळणावर
पाय दाबला.
पायरी होती.

जास्त वेळ दाबून बघितला नाही.
खाली वस्तीवर एक गाय
पहाटेपासून माजावर होती,
आणि मालकाचे तीन मिस्ड कॉल.