गोल साबण

नरकासुराची राख अजून तिठ्यावर होती
तेव्हा कागद सोडवला.
सांखळीच्या पोसऱ्यात सगुणने फडताळामागून काढून दिला होता,
म्हणाला, हा शेवटचा. आता कोणी विचारत नाही,
सगळ्यांना फेस डब्यातून हवा.
वीस रुपये कमी कर म्हटलं. त्याने दहा केले.

गोल, पांढरा, पंजात मावणारा,
वर कंपनीचं नाव आणि एक शिडाचं जहाज कोरलेलं.
स्टीलच्या वाटीत ठोकून बसवला
आणि ठरवलं, हा संपेपर्यंत तोंडाला दुसरं काही लावायचं नाही.
असं का ठरवलं, विचारू नका.
बार्ज धक्क्याला कायमची बांधून ठेवल्यापासून
माणूस काहीही ठरवतो.

जहाज पहिल्याच आठवड्यात बुडालं.
नावाचं शेवटचं अक्षर मात्र नाताळापर्यंत
बोटाला लागत होतं.

बार्जवर आमचा फेस कधी झालाच नाही.
मे महिन्यात मांडवी थेट आमोण्यापर्यंत खारी,
ब्रश घासून मनगट दुखायचं
आणि गालावर नुसती ताकाची निवळ.
तांडेल कायतान इंजिनाचं गरम पाणी डब्यात धरायचा,
आरसा नाही, काही नाही,
रेईश मागूश येईपर्यंत एक गाल,
किल्ला मागे पडला की दुसरा.
आग्वादच्या आत आटपायला हवं, म्हणायचा,
पुढे समुद्र हात हलवतो.

आता नळाचं पाणी आहे. घर हलत नाही.
मीच थोडा हलतो,
रेझरखाली गळा ताणताना भिंतीला खांदा टेकवतो.

शिगम्याच्या सुमाराला मधोमध खळगा पडला.
ब्रश रोज त्याच जागी फिरतो, हे तेव्हा कळलं,
आणि मी रोज डावीकडूनच सुरू करतो, हेही.
साठी ओलांडल्यावर ही माहिती मिळाली.
खळग्याच्या तळाशी वाटी दिसली, आधी टिकलीएवढी,
मग रुपयाएवढी,
मग साबणच वाटीभोवतीची कड होऊन राहिला.
सुलक्षा म्हणाली,
"साबण तो, काय बँकेचें पुस्तक?
सदांच उगडून पळयता!"

एप्रिलात एका दिवशी दोन दाढ्या झाल्या.
सकाळची नेहमीची.
दुसरी दुपारी, कारण दिवाडीला जायचं होतं,
कायतानच्या मरणाला.
फेरीबोटीत वारा ताज्या गालाला झोंबला.
पेटीत तोही गुळगुळीत होता.
कोणी केली असेल?
डावा गाल आधी, की उजवा?
हे विचारायला तिथे कोणी ओळखीचं नव्हतं.
त्या दिवशीची रेघ कॅलेंडरवर
मी जोडून दोन ओढल्या.

आषाढात उघाड पडली त्या सकाळी
उरले होते नखाएवढे तीन तुकडे,
एकमेकांना दाबून एक केलेले.
माझ्या हिशेबाने अजून चार दाढ्या.
उजेड चांगला होता म्हणून वाटी विहिरीच्या काठावर ठेवली,
ब्रश भिजवला, गाल भिजवले,
वळलो तर कावळा.

चोचीत साबण, आणि थेट माडावर.
पितृपक्षाला अजून दोन महिने होते.
हाड हाड म्हटलं, ओला ब्रश उगारला.
सुलक्षा दारात येऊन हसत राहिली, पोटाला हात लावून,
मग पदर तोंडाशी धरून, मग खाली बसून.
आठ महिने अकरा दिवस.
झावळीतून काही खाली पडलं नाही.

गाल वाळायला लागले.
सवयीने ब्रश तळहातावर फिरवला,
आणि केसांच्या मुळातून
फेस आला.
डाव्या गालाला पुरला. उजव्यालाही.
हनुवटीखाली थोडा कमी पडला,
तिथे पाण्यावर भागवलं.