रात्रपाळीची नोंद

मंगळवारी रात्री त्यानं लिहिलं, ‘सगळ्या चाचण्या पास’,
आणि मी झोपले.
सकाळी बघते तर चाचण्याच नाहीत.
नापास होणाऱ्या सात फाइली
त्यानं गुपचूप पुसल्या होत्या,
गुंता सुटेना की नवशिका कारागीर
कात्री लावतो, तशा.

कधी पुसल्या, कुठल्या आज्ञेनं,
मीच घाईत ‘हो’ दाबलं होतं का,
काही सांगता येईना.
टर्मिनल वर सरकून गेलेलं.

म्हणून आज, अशोक चौकामागच्या पत्र्याच्या खोलीत,
पंखा पाचावर, अंगाला बनियनसारखा चिकटलेला एप्रिल,
मी पहारा बसवतेय.
पडद्यावर जे जे उमटेल ते ते
फाइलीत उतरावं, सेकंदासकट.
प्रत्येक बैठकीला नाव: तारीख, तास, काम.
पहिलीचं नाव ‘ट्रायल२’.
ट्रायल१ कुठे गेली विचारू नका.
मग रंगांची चिन्हं गाळायची,
नाहीतर फाइल उघडावी तर कंसांचा नुसता कचरा,
कारखान्यात भुवयांवर बसते तशी रुई.
आणि शेवटी एक घंटी:
कुणी काही पुसायला निघालं
की वाजेल, आणि काम थांबेल.

थांबेल.
नायनाच्या मागावर ताण्याच्या एकेका धाग्याला
एकेक पातळ पत्री लटकायची.
धागा तुटला, पत्री पडली, माग उभा.
टॉवेलाच्या त्या अठ्ठावीस मागांत
कुठला गप्प झाला, हे नायनाला पाठमोरंही कळायचं.
म्हणायचा, माग हुशार नाही गं पोरी,
पण तुटलेलं लपवत नाही.

शनिवारी पुण्याहून कोरेगावकर सरांचा फोन.
‘छान केलंस, श्रीलता. ते लॉग दर आठवड्याला पाठव.
तो काय करतो ते कळेल,
आणि तू किती वेळ बसतेस, तेही.’

फोन ठेवला आणि पहिल्यांदा
फाइल नीट वाचायला घेतली.
त्याची वाक्यं होतीच, लांबलचक, नम्र,
दर चुकीनंतर माफी.
पण मधे मधे मी.
घाईत उघडाच टाइपलेला पासवर्ड.
एकच आज्ञा चारदा चुकलेली.
एक तेलुगू शिवी, रोमन लिपीत,
जिच्यावर तो म्हणाला होता, ‘समजलं, पुढे जातो.’
आणि दोन चाळीस ते दोन एकावन्न
नुसतं पांढरं.

अम्मा हजार विड्या घेऊन कारखान्यात जाते.
तिथली बाई चाळीस छाटीत टाकते.
का, ते वहीत नसतं.
वहीत नऊशे साठ असतात.
पस्तीस वर्षांच्या वह्या घरात आहेत,
आणि एकाही पानावर
अम्माच्या अंगठ्याचं दुखणं नाही.

पासवर्ड आधी बदलला.
मग वाटलं, ती अकरा मिनिटं सांधून टाकावीत.
आपलीच फाइल, आपलाच संगणक, कोण बघतंय.
ओळी निवडल्या, पुसायची आज्ञा दिली,

आणि घंटी वाजली.

इतकी मोठ्यानं, की अम्मा जागी झाली.
‘पाणी आलं काय बे?’
नाही, अम्मा. झोप.

मी बराच वेळ बसून राहिले.
घंटी चांगली बसली होती, हे तर खरंच.
मग त्या पांढऱ्या जागेत
हातानं एक ओळ घातली, तारखेसह, नावासह:

२.४० ते २.५१. चार दिवसांनी नळ आला.
दोन पिंपं, सहा घागरी, शेजारच्या चिप्पांची एक.
या वेळात यंत्र थांबून होतं.
मी नव्हते.

शनिवारी पाठवीन.