पोतं

सांदवाडीच्या भिंतीला यंदा रंग दिला.
लाखांदूरहून ताराचंद पेंटर आला,
दोन दिवस राहिला, दिवसाला सात चहा प्यायला,
आणि चुन्याच्या पोपड्यांची मातीची ती भिंत
प्लास्टिकच्या टबासारखी
निळी करून गेला.

दुधीची फुलं रात्री उमलतात.
त्यांच्यासाठी पतंग येतात, नेहमीचेच:
एक वाळल्या सागपानाचा तुकडा,
एक चुलीतली राख सांडावी तसा,
एक तर हुबेहूब चिमणीची शिट.
(आमची वीणा लहानपणी ती पुसायला गेली
ओल्या फडक्यानं, आणि शिट उडाली.)
उजाडलं की ते भिंतीवर बसत
आणि मग नसत.

वीस वर्षं त्याच भिंतीशी मी भांडी घासली.
पाठीमागं कोण कोण झोपलंय
ठाऊक नव्हतं.

यंदा निळ्यावर सगळेच दिसले.
काहून बसता रे इथं, मी म्हटलं,
दिसून राहिले ना तुम्ही.
पण त्यांना रंगाचं कोण सांगणार.
पंख चपटे करून, भिंतीला घट्ट,
ते आपले लपलेलेच होते.

कोतवाल तारेवर होता.
त्याला घाई नव्हती.
एक उचलला, तारेवर नेला, झटकला.
मग दुसरा.
पंख पायरीवर पडत गेले.
मी ते खराट्यानं वांग्याच्या वाफ्यात लोटले.
बोटांना भुकटी लागली,
ज्वारीच्या पिठाहून बारीक.

हे म्हणाले, पाखरंच ती.
रंगाला साडेचार हजार गेले, ते बघ.

तिसऱ्या दिवशी धानाचं रिकामं पोतं काढलं,
उंदरानं कुरतडलेलं, दोन ठिगळांचं.
ताज्या निळ्यात दोन खिळे ठोकले
आणि दिलं लटकवून.
अनुसयाबाईनं कुंपणावरून विचारलं,
नवी भिंत, अन् हे काय दळिद्र?
वाळत घातलं, म्हटलं.

आता भांडी घासताना
मी पोत्याकडं बघत नाही.
तारेवरचा तो माझी नजर ओळखतो.

परवा वारा नव्हता,
तरी पोत्याची एक सुतळी हलली.
मी राखेचे हात धुतले
आणि कढई
आवाज न करता पालथी ठेवली.