जर पाणी कमरेला लागलं

भांडी बाजारात एकवीस वर्षं
मी भांड्यांवर नावं घालतो.
सुई टिर्रर्र करत ठिपके सोडत जाते,
ठिपक्यांचं अक्षर होतं, अक्षरांचं माणूस.
चि. सौ. कां., कै., यांजकडून सप्रेम भेट.
दहावीला गणितात एकोणतीस होते.
तिथं शाळा सुटली.

वरच्या खोलीतला निहार
नोकरी लागून पुण्याला जाताना
लॅपटॉप ठेवून गेला, बिजागरी मोडलेला.
म्हणाला, काका, यात गेम बनवता येतो.
कोड लिहायचा नाही, नुसते ठोकळे जोडायचे.
मी म्हटलं, बघू.
बघू म्हणजे आमच्याकडे नाही.
पण त्या रात्री दोन वाजेपर्यंत जागाच होतो.

माणूस काढायला त्रास पडला नाही.
सोळा चौकोन उंच, सोळा रुंद,
चार चौकोनांत मुंडासं.
ठिपकेच की ते. जन्मभर तेच केलं.
फक्त इथं चुकलं तर कंट्रोल आणि झेड.
हे कळलं तेव्हा मी हात मागं घेतला,
चटका बसल्यासारखा.
स्टीलवर खोडता येत नाही हो.
'वत्सला'चा काना एक अक्षर आधी पडून
'वत्साल' झालेला एक डबा
गिऱ्हाइकानं नेलाच नाही.
आमच्या घरी असतो, तांदळाला.

मग जमीन काढली. घाटाचा काळा दगड,
पायऱ्या, फटीतलं शेवाळसुद्धा.
प्ले दाबलं. माणूस क्षणभर उभा राहिला
आणि दगडातून आरपार खाली गेला.
पुन्हा दाबलं. पुन्हा गेला.
असे अकरा जण बुडाले माझे, कोरड्या घाटावर.
चौथ्या रात्री उमगलं,
जमीन रंगवून जमीन होत नाही.
तिला सांगावं लागतं, तू टणक आहेस.
एका बारीक चौकोनात टिचकी मारली
आणि बारावा उभा राहिला.
मी इंदुमतीला उठवलं. ती म्हणाली,
उभाच आहे ना, मग झोपा आता.

वडील म्हणायचे, जर-तरच्या गोष्टी नकोत,
जर-तरनं चूल पेटत नाही.
इथं तर दुसरं काही नाहीच.
जर बाण दाबला, तर उजवीकडे चाल.
जर हंड्याला हात लागला, तर हंडा डोक्यावर.
जर पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं,
तर माल हलव.
ही ओळ मला कुणी शिकवायला नको.
गंगा चढली की अख्खा बाजार
मारुतीकडे बघून एवढंच बोलतो:
गुडघ्याला. मांडीला. कमरेला.
आकडा कधी लागलाच नाही आम्हाला.
इथं लागला. 'पाणी' नावाचा डबा करायचा,
त्यात शून्य ठेवायचं,
दर सेकंदाला एक टाकायचा.
थांब म्हणायचं राहिलं.
पाणी मारुतीच्या दोन्ही तोंडांवरून,
नारोशंकराच्या घंटेवरून,
पडद्याच्या वर, जिथं काहीच काढलेलं नाही,
तिथंही वाढत राहिलं.
झोपून उठलो तर आकडा चौदा हजारांवर.

काल इंदुमतीला खेळायला दिलं.
चष्मा पुसून ती दोन बोटांनी बसली.
तीन हंडे, एक घंगाळ वर पोचवलं,
मग एकदम थांबली.
म्हणाली, आपला डबा राहिला की मागं.
मी तो उगीच काढला होता, कोपऱ्यात,
जागा मोकळी दिसते म्हणून.
म्हटलं, राहू दे, पुढं चल, पाणी येतंय.
म्हणाली, तांदूळ आहेत त्यात.
आणि डावा बाण दाबला.
माणूस उजवीकडे तोंड करून उभाच.
ती दाबत राहिली.
मांडीला. कमरेला.
डावीकडचं जर मी लिहिलंच नव्हतं.

आज दुकान सातला बंद केलं.
एक 'श्रीयुत' अर्धं राहिलंय मशीनवर,
ते उद्या.