उरलेली चार मिनिटं

मुहर्रकच्या ज्या गोदामात कधी मोती तोलले जायचे
तिथली एक खोली यंदा महोत्सवाने घेतली.
बारा खुर्च्या, जाड पडदा,
दारावर पाटी: फक्त प्रौढांसाठी, फक्त निमंत्रितांसाठी.
अर्जात फवाझसाहेबांनी विषय लिहिला, स्पर्श.
दुसरा शब्द सगळ्यांना माहीत होता,
टाइप कोणीच केला नाही.

माझं काम यादीचं.
सात लघुपट, सात पानं, पानावर तीन रकाने:
कुठून, कुठपर्यंत, का.
शटर अर्धं ओढून, हेडफोन लावून
सकाळी साडेनऊला, चहात पाव बुडवत
मी परक्या माणसांचे श्वास मोजायचे.

तीन बारा ते तीन एक्केचाळीस: मान.
चार पाच ते साडेपाच: पाठ, आणि पाठीवरून उतरणारं बोट.
सहा दहा: दिसत काहीच नाही, पण आवाज.
'का'च्या रकान्यात पहिल्या दिवशी मी वाक्यं लिहिली,
दुसऱ्या दिवशी शब्द,
तिसऱ्या दिवसापासून नुसतं
वरीलप्रमाणे.

ट्युनिसच्या ईनासचा लघुपट अकरा मिनिटांचा.
पन्नाशीतलं जोडपं, दुपार, खिडकी.
बाईच्या पोटावर सिझेरियनचा जुना व्रण
आणि त्या व्रणावर गाल टेकून पडलेला तो,
कितीतरी वेळ.
मी मागे नेलं. पुन्हा नेलं.
एकदा तर उगाचच.
मग लिहिलं: सात बावीस ते आठ पन्नास.
वरीलप्रमाणे.

कापून उरली चार मिनिटं वीस सेकंद.
चुरगळलेली चादर.
उलटी पडलेली एक चप्पल.
अर्धं सोललेलं संत्रं, बशीत सुरी.
गॅसवर चहा उकळतोय, कोणी उठत नाही.
खिडकीचा पडदा आत येतो, बाहेर जातो,
आत येतो.

ईनास म्हणाली, हे आता माझं नाही.
मग म्हणाली, तरी दाखवा.

त्या रात्री बारा खुर्च्यांना एकोणीस माणसं.
मी मागे, मशीनपाशी.
पहिल्या सहा लघुपटांना कोणी फोन बघत होतं,
कोणी छताच्या तुळया.
मग तिचा चहा उकळायला लागला
आणि खोलीतलं कोणी हलेना.
उतू गेला तेव्हा पुढचे गुत्रावाले आजोबा
घसा खाकरून हसले,
एकटेच, चोरी पकडल्यासारखे.
एका बाईने आपलंच मनगट
दुसऱ्या हातात घट्ट धरलं.
पडदा बाहेर गेला, आत आला.
मी कापलेलं सगळं
त्या एकोणीस जणांनी आपापल्या घरून आणून
तिथे जोडलं होतं,
आणि त्याची यादी माझ्याकडे नव्हती.

बाहेर आले. खारट, दमट वारं.
मालवणात साडेबारा वाजून गेलेले.
मोरेश्वर होड्यांची इंजिनं खोलतो.
त्याच्या बोटांतलं डिझेल साबणाने जात नाही;
सुट्टीच्या तीस दिवसांत ते माझ्या गाऊनला लागतं,
आणि दर वर्षी एक गाऊन
मी न धुता बॅगेत घालून आणते.
बाकीचे तीनशे पस्तीस दिवस?
वरीलप्रमाणे.

फोन लावला.
"काय गो, काय झाला?"
"काय नाय."
"मगे?"
"फोन उशाकडे ठेव. बोलू नको."
त्याने ठेवला. खाट करकरली.
पंखा, रातकिडे, दूर कुठेतरी एक कुत्रा,
आणि त्याचा श्वास, फोनला अगदी चिकटून.

पाच-सात मिनिटांत घोरायला लागला मेला.
मी ऐकत उभी राहिले,
कंपनीची बस येईपर्यंत,
आणि बसमध्येही.