कॉफी आल्या आहेत

कुन्सानच्या बसस्टँडसमोर नवं दुकान झालंय.
काउंटरमागची मुलगी हाक देते,
"आजोबा, आपल्या कॉफी आल्या आहेत."
आल्या आहेत.
जणू थोरल्या आत्याबाई उतरल्या गाडीतून
आणि कुणीतरी पुढे होऊन
त्यांची पिशवी धरायला हवी.

मी प्यो ग्वांगसिक. वय एक्याऐंशी.
एकतीस वर्षं एका दैनिकात मुद्रितं तपासली,
नजरेखालून चुकीचा प्रत्यय सुटला नाही कधी.
अजून वही ठेवतो, लाल पेन्सिलीची:
मंगळवारी, 'साखर संपल्या आहेत.'
चपलांच्या दुकानात,
'आपला बूट दोनशे साठचे आहेत.'
शनिवारी दवाखान्यात नर्स म्हणाली,
'सुई जरा टोचतील हं.'

मान माणसाला द्यायचा, वस्तूला नाही.
एवढंही ज्यांना उमगत नाही
त्यांचं पुढे काय व्हायचं,
बायकोच्या तसबिरीला विचारतो मी रोज.
तसबिरीशी आदरार्थी बोलतो.
ती होती तेव्हा नाही बोललो.

काल वही घेऊनच गेलो.
मुलीच्या बिल्ल्यावर नाव होतं, नाम गारम.
"अगं," म्हटलं, "कॉफी आली. आली म्हणायचं.
कॉफीला मान लागत नाही."
(अगं म्हटलेलं तिला चालेल का,
हे विचारायचं असतं, असं
माझ्या वयात कुणाला सुचत नाही.)

ती फडक्याने काउंटर पुसत राहिली.
"ठाऊक आहे मला. शाळेत शिकलेय.
पण 'आली' म्हटलं ना, की काहींना वाटतं
त्यांनाच अरेतुरे केलं.
गेल्या महिन्यात एकाने कप फेकला.
तेव्हापासून मी कपालाच मान देते,
म्हणजे मग वाद नको."

फेकताना काय म्हणाला तो?

"बोलला अगदी शुद्ध.
आपल्यासारखं."

ऐंशी सालचा मे. रात्रपाळी.
फोनवरून उतरवून घेतलेली बातमी,
अक्षर घाईचं, घामाने शाई फुटलेली.
कोपऱ्यातल्या खुर्चीत एक पाहुणा बसलेला,
कुठून आलाय ते कुणी विचारलं नाही.
मोठा आदबशीर. मला 'आपण' म्हणाला,
सिगरेट दोन्ही हातांनी पुढे केली.
मी 'मारले गेले' खोडलं.
'परिस्थिती' लिहिलं.
आकडा होता एक, तोही गेला.
कर्ता नाही म्हणून वाक्य लंगडत होतं,
तेही सारखं करून दिलं,
हातात कला होती.
सकाळच्या अंकात एकही चूक नव्हती.
पाहुण्याने जाताना कमरेत वाकून नमस्कार केला.

या वहीत त्याची नोंद नाही.
वही चुकांची आहे.

'सुई टोचतील' मला अजून ऐकवत नाही.
ते चुकलंच आहे, मरेपर्यंत म्हणेन.
बोलणं सडतं तेव्हा काहीतरी सडलेलं असतंच.
फक्त वास कुठून येतोय ते शोधताना
माझी पेन्सिल नेमकी
तासावर पगार घेणाऱ्यांच्याच तोंडाशी थांबते,
आणि ते का,
हे एकतीस वर्षांत तपासायचं राहून गेलं.

कॉफी तोवर गार झाली होती.
सगळी प्यायलो. कप स्वतः नेऊन ठेवला.
"गारमबाई," म्हटलं, "संपल्या आहेत."

ती हसली.
खरंच हसली, की हसायचं असतं म्हणून,
ते मात्र इतकी वर्षं मुद्रितं तपासूनही
मला ओळखता आलं नाही.