ओढीचं वजन

टायरच्या दुकानामागे न्या पाओचं वर्कशॉप.
वॉसॉत ऑक्टोबर सरता सरता सहालाच अंधारून येतं.
मी केसमधून धनुष्य काढलं
आणि खांद्याबद्दल काहीच बोलले नाही.

त्यानं एकदा ओढून पाहिलं.
"वरचा कॅम उशिरा पोचतोय."
किती?
त्यानं करंगळीच्या नखाची कड दाखवली.

एप्रिलात ऑपरेशन, मग गळ्यात झोळी,
धनुष्य उन्हाळाभर गाडीच्या डिकीत.
तापून तापून केबल तसूभर सैलावली असणार.
दोन चाकं, एक वर, एक खाली.
दोघांनी एकाच क्षणी टेकायचं असतं.
एक आधी टेकलं की दुसरं नुसतंच रेटत राहतं
आणि बाण मान वर करून निघतो,
न जेवता निघालेल्या व्याह्यासारखा.

प्रेसमध्ये दाबल्यावर दोरी ढिली पडली.
इतकी वर्षं ताणलेली वस्तू अशी लुळी पाहताना
मी उगाच भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले.
त्यानं केबलचं टोक सोडून अर्धा पीळ भरला,
लावलं, ओढलं, पाहिलं,
पुन्हा काढून पाव पीळ उतरवला.
आमच्याकडे म्हणतात, मी सांगितलं,
सुंभ जळतो पण पीळ जात नाही.
इंग्रजीत त्याचं फारच वाईट झालं.
"जळालेली केबल मी बदलतो," तो म्हणाला.

मग वजन.
एक्कावन्न पौंड. पंधरा वर्षं एक्कावन्न.
"पंचेचाळीस कर. त्रेचाळीसच्या खाली नाही हं."
मंडईतली घासाघीस, फक्त उलट्या दिशेची.
तो काही बोलला नाही.
काट्याच्या तबकडीवर निळी टेप चिकटवली
आणि मला समोरून कॉफी आणायला धाडलं.
रांगेत उभी राहून मी काचेतून फेरे मोजू पाहिले,
वरच्या बोल्टाला एक, खालच्याला एक,
पण मधे त्याची पाठ होती,
आणि पाठ चांगलीच रुंद.

परत आले तेव्हा कागद टांगून ठेवलेला.
ओढलं.
सर्जननं खांद्यात तीन खिळे बसवलेत, खरेखुरे.
तिघेही गप्प राहिले.
चढ आला, सरला, मग ती सपाटी,
जिथं सगळं ओझं चाकं घेतात
आणि हातात उरतं एका मध्यम भोपळ्याइतकं.
दोन्ही चाकं एकदम टेकली. एकच ठक्.
सोडलं.
कागदाला एक भोक, भोकाला पिसांच्या तीन चिरा, बस्स.

"किती ठेवलंस?"
"सीझन संपल्यावर विचार."
पावतीवर लिहिलं: व्ही. जे., खांदा, पंचवीस डॉलर.
वैजयंती त्याला लिहिता येत नाही.
त्याचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही,
तो दर वेळी दुरुस्त करतो, मी दर वेळी चुकते.

रात्री गॅरेजात
बॅगा तोलायचा हुकवाला काटा शोधून काढला.
तुळईला टांगला, दोरी अडकवली,
दोन्ही हातांनी धनुष्य खाली ओढलं,
सावकाश वर जाऊ दिलं.
आकडा थांबून राहिला: सतरा पूर्णांक सात.
म्हणजे एकोणचाळीस.
लबाड.

काटा किलोत बोलतो म्हणून तेव्हा कळलं,
एक्कावन्न पौंड म्हणजे तेवीस किलो,
भारतात जाताना एका बॅगेला मिळतात तेवढेच.
पंधरा वर्षं दर बाणाला
मी एक अख्खी बॅग ओढत होते.
आणि मराठीत ह्या वजनाला ओढ म्हणावं लागतं,
दुसरा शब्दच सुचत नाही.

आता पाच किलो आणि वर थोडं कमी.
काउंटरपाशी बॅग उघडी, मागे रांग खोळंबलेली,
काय काढायचं ते झटकन ठरवायचं असतं.
बिडाचा तवा.
सांडगे राहू देत.

उद्या सकाळी वीस यार्डांवर जाईन.
न्या पाओला सांगायचं नाही, मी पाहिलं म्हणून.